पहारा लावणारं सॉफ्टवेअर

आमच्या गल्लीत कुणाचा प्रिंटर बिघडला की तो थेट आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. सोबत मालक असेलच असं नाही. पिशवीत घालून कुणाच्याही हाती धाडून द्यायचे. आई तो घरात घ्यायची, पदराने पुसायची आणि सांगायची, "ऱ्हाऊ दे. दत्ता आला की खोलून बघंल." केजच्या एका कॉलेजात मी वीसेक वर्षं संगणक शिकवतो, एवढं तिला माहीत होतं. संगणक शिकवणारा माणूस प्रिंटर खोलतोच, हा तिचा हिशोब. मी आयुष्यात एकच प्रिंटर खोलला, शेजारच्या मास्तरांचा. त्यातून उरलेले स्क्रू अजून आमच्या देवघराच्या फडताळात एका वाटीत आहेत, आणि मास्तर अजून माझ्याशी तुटक बोलतात.

माझा विषय सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. हे नाव घरात कुणाला कधी कळलं नाही. बायकोने लग्नानंतर वर्षभर विचारून पाहिलं, मग सोडून दिलं. मेहुण्याने मात्र एकदा मन लावून विचार केला आणि म्हणाला, "दाजी, सॉफ्टवेअर म्हंजे जे दिसत न्हाई ते. इंजिनिअरिंग म्हंजे बांधकाम. म्हंजे तुमी न दिसणारं बांधकाम शिकवता. आमच्या गावात त्याला रस्त्याचं काम म्हंतेत."

तर आधी माझं बांधकाम जरा समजावून सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याच्याशिवाय उभी राहणार नाही. प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे भाकरी थापणं. हाताला वळण लागलं की कुणालाही जमतं. पहिल्या दहा-बारा फाटतात, मग गोल येतात. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग म्हणजे गावजेवण घालणं. पंगतीला कोण येणार, कुणाला काय चालतं, वाढपी किती, पीठ संपलं तर शेजारच्या कोणत्या घरी जायचं, आणि मुख्य म्हणजे पंगत बसलेली असताना चूल विझली तर काय करायचं. भाकरी चांगली असूनही गावजेवण फसू शकतं. जगातली बहुतेक सॉफ्टवेअरं अशीच फसतात.

त्यातली पहिली पायरी म्हणजे ज्याच्यासाठी करायचं त्याला नीट विचारणं. हा धडा मी वर्गात फार रंगवून शिकवायचो. एका वर्षी आमचे प्राचार्य पहिल्यांदा घरी जेवायला येणार होते, तेव्हा मी बायकोला अभिमानाने सांगितलं की मटण कर, मोठा माणूस आहे. ते दारात आले, शर्टाचं वरचं बटण उघडलं, आणि आत तुळशीची माळ. बायकोने माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. प्राचार्यांनी ठेचा-भाकरी खाल्ली, वर ठेच्याची तारीफ केली. पुढच्या तासाला मी तो धडा जरा खालच्या आवाजात शिकवला.

शेवटच्या वर्षाला मुलांना एक प्रोजेक्ट करावा लागतो. म्हणजे एखाद्या खऱ्या गरजेसाठी खरं सॉफ्टवेअर बनवायचं, असं अभ्यासक्रमात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर मोठ्या शहरातल्या दुकानांत तयार प्रोजेक्ट मिळतात, मुलं तिथून आणायची. नव्वद टक्के वेळा तो 'ग्रंथालय व्यवस्थापन' असायचा. आमच्या कॉलेजात वाचणारे कमी आणि ग्रंथालयाची सॉफ्टवेअरं जास्त अशी अवस्था झाली होती. एकदा एका पोराने तोंडी परीक्षेत दिमाखात स्क्रीन उघडली, आणि वर मोठ्या अक्षरांत आलं, 'सुस्वागतम् कुमारी पल्लवी'. पोराचं नाव होतं बालाजी. मी विचारलं, ही पल्लवी कोण? तो गंभीरपणे म्हणाला, "सर, ग्रंथपाल."

मी सह्या करत राहिलो. सगळेच करत होते. पण बालाजीनंतर मला सही करताना पेन जड वाटायला लागलं, आणि एका वर्षी मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालो की या वर्षी एका गटाला तरी आपल्या भागातलं खरं गिऱ्हाईक शोधू द्या. प्राचार्यांनी माळेचा मणी फिरवला. मग म्हणाले, करा. पण चार पोरं नापास झाली तर त्यांचं वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षापासून तुम्ही हा विषय काढायचा नाही, सरळ ग्रंथालयावर सही करायची. मी हो म्हणून बाहेर आलो.

चौघांचा गट तयार झाला. त्यातले दोघं या गोष्टीत बोलतील. एक गोरख. धारूरचा घाट उतरून दिंद्रुडच्या बाजूला जाताना त्याचं गाव लागतं. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि प्रश्न विचारला की छतावरच्या पंख्याची पाती मोजायचा. दुसरी अश्विनी. मेंढपाळांच्या घरची, तिच्या वडिलांच्या मेंढ्या वर्षातले सात-आठ महिने रानोमाळ असतात. तिला एक खोड होती. तुम्ही काहीही सांगितलं की ती म्हणायची, "आन तसं न्हाई झालं तर?" ही खोड नवऱ्याला त्रासदायक, पण सॉफ्टवेअर तपासणाऱ्याला देवाची देणगी. मी तिला चाचणीचं काम दिलं. बाकीचे दोघं प्रोग्रॅम लिहिण्यात हुशार आणि बोलण्यात कंजूस होते.

गिऱ्हाईक गोरखनेच आणलं, आणि ते होतं त्याच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. चैत्रात हनुमान जयंतीला संपेल असा सात दिवसांचा सप्ताह गावोगाव बसतो. पारायण, हरिपाठ, कीर्तन, जेवणावळी, सगळं असतं. पण त्याचा कणा म्हणजे वीणा. सप्ताह बसला की देवळात एक माणूस गळ्यात वीणा अडकवून उभा राहतो, आणि सात दिवस-रात्र ती वीणा जमिनीला टेकत नाही. दर दोन तासांनी माणूस बदलतो. त्याला पहारा म्हणतात. वीणा टेकली तर सप्ताह मोडला. त्यापेक्षा मोठी नामुष्की गावाला नाही.

आता अडचण अशी, की गावातले निम्मे पुरुष तेव्हा ऊसतोडीहून परतत असतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळ्या निघतात. पण कोणती टोळी कधी पोहोचेल याचा नेम नाही. त्यामुळे पहारे ठरतात आणि पहारेकरी कर्नाटकच्या रस्त्यावर कुठेतरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असतो. आदल्या वर्षी तेच झालं होतं. रात्री वीणा घेतलेल्या माणसाच्या जागी पुढचा आलाच नाही, त्याच्या पुढचाही आला नाही. तो माणूस पहाटेपर्यंत तसाच उभा राहिला. हात सुजले, पण वीणा टेकवली नाही. तो गोरखचा बाप होता.

हे गोरखने मला सांगितलं तेव्हा तो पंख्याकडे बघत नव्हता.

मग आम्ही सगळे गरजा गोळा करायला गावात गेलो. सप्ताहाचे कारभारी म्हणजे आप्पा, गोरखचे थोरले चुलते. देवळाच्या पारावर अकरा-बारा मंडळी बसली होती आणि सगळी एकाच वेळी बोलत होती. पहिला पहारा अमक्या घरचा मानाचा, काल्याच्या दिवशीचा तमक्या घरचा, दोन भावकींचे पहारे शेजारी-शेजारी नकोत कारण बांधाचं भांडण आहे, वीणा देता-घेता तोंड बघावं लागतं. पुस्तकात ज्याला 'परस्परविरोधी गरजा' म्हणतात आणि ज्याच्यावर मुलं दरवर्षी पाठ करून चार मार्कांचं उत्तर लिहितात, त्या प्रत्यक्षात धोतर नेसून, तंबाखू मळत समोर बसल्या होत्या. मी खूश होतो. मुलं घाबरली होती. आमच्यातल्या एकाने विचारलं की वापरणाऱ्याला पासवर्ड द्यायचा का. आप्पांनी त्याला शांतपणे उलट विचारलं, "देवाच्या दारात पासवर्ड कावून लागतो, बाबा?"

ठरलं ते असं. आप्पा पहाऱ्यांची नावं सांगतील, मुलं ती भरतील. पहाऱ्याच्या अर्धा तास आधी संगणक त्या माणसाला आपणहून फोन लावेल. फोनमध्ये गोरखचा आवाज: रामकृष्णहरी, तुमचा पहारा जवळ आलाय, येणार असाल तर एक मिस कॉल द्या. मिस कॉल आला नाही तर लगेच राखीव माणसाला फोन. मिस कॉल ही आमच्याकडची सगळ्यांना येणारी भाषा. साक्षर-निरक्षर भेद नाही.

कॉलेजात पोरांनी त्यांची टर उडवली. ग्रंथालयवाले प्रोजेक्ट आणून मोकळे झाले होते. त्यातला एक जण माझ्यासमोर गोरखला म्हणाला, "बे, वीणा वाजवून नोकरी लागती का?" गोरख लॅबकडे चालू लागला. मला बोलायचं ते नेहमी घरी गेल्यावर, जेवताना सुचतं.

दोन महिने आम्ही लॅबमध्ये ते सॉफ्टवेअर तपासलं. अश्विनीने त्याला छळ छळ छळलं. फोन बंद असेल तर, नंबर बदलला तर, एकाच घरात एकच फोन असेल तर. सगळ्यात ते टिकलं. सप्ताह बसायच्या आदल्या दिवशी आप्पांनी देवळाच्या भोंग्यावरून गावाला सांगून टाकलं की या वर्षी कुणी पहारा ध्यानात ठेवायची गरज न्हाई, फोन येईल तेव्हा या. इतका विश्वास माझ्या विषयावर आजवर कुणी टाकला नव्हता, विद्यापीठानेसुद्धा.

गुरुवारी सकाळी सप्ताह बसला. मी कॉलेजात होतो. पहिले दोन-तीन फोन व्यवस्थित लागले, माणसं आली, वीणा हातोहात गेली. गोरखने मला तसं कळवलं. मी डबा उघडून बसलो होतो तेवढ्यात अश्विनीचा फोन.

ती म्हणाली, सर, लई मोठा घोळ हाय. ती बसली होती जेवणाच्या मांडवात, एका आबांच्या शेजारी. खोडीप्रमाणे तिने विचारलं होतं, आबा, तुमचा पहारा कधी? आबा म्हणाले, बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, रात्री दोनला. ती म्हणाली, म्हणजे होऊन गेला की. आबा हसले. "होऊन कसा गेला, पोरी? रात तर यायची हाय अजून."

वाचकहो, तुम्हाला कळलं का? मला डब्यातला घास तोंडात असतानाच कळलं.

आमच्याकडे वार रात्री बारा वाजता बदलत नाही. रात्र ज्या दिवसाची, त्याच दिवसाची. पहाटे काकडा झाला, कोंबडं आरवलं, की मग नवा वार. गुरुवारी रात्री दोन म्हणजे गुरुवारची संध्याकाळ, त्यानंतरची रात्र, तिचे दोन. पण संगणकाच्या लेखी गुरुवारचे रात्रीचे दोन म्हणजे आदल्या रात्रीचे. ते केव्हाच होऊन गेले होते. आप्पांनी नावं आपल्या वाराने सांगितली आणि मुलांनी ती संगणकाच्या वाराने भरली. म्हणजे मध्यरात्रीनंतरचा प्रत्येक पहारा एक दिवस आधी सरकला होता. आज रात्री संगणक शुक्रवारच्या माणसांना उठवणार होता. आणि शुक्रवारची माणसं आप्पांनी शुक्रवारी ठेवली होती, कारण त्यांच्या टोळ्या शुक्रवारी पोहोचणार होत्या. राखीवही त्याच टोळ्यांतले. आबांना फोन येणारच नव्हता, आणि फोन आल्याशिवाय यायचं नाही असं भोंग्यावरून सांगितलं होतं. शेवटच्या रात्री तर बारानंतर कुणाचंच नाव उरलं नव्हतं.

यात गंमत अशी की आम्ही सगळे याच जिल्ह्यातले. मी लहानपणी आजोळी तसंच बोलायचो, अजूनही घरी बोलतो. गोरख तसंच बोलतो. अश्विनी म्हणाली, "सर, आमच्या वाड्यावर मेंढ्यांची राखण पाळीनं असती. तिथंबी आमी असंच म्हंतो. पण लॅबमधी बसलं की माणूस येगळाच व्हतो." आणि लॅब पाचला बंद व्हायची, म्हणून आमच्या सगळ्या चाचण्या दुपारच्या पहाऱ्यांवर झाल्या होत्या. रात्र आम्ही तपासलीच नव्हती.

मी विचारलं, आज रात्री बाराच्या आधीचा पहारा कुणाचा? ती म्हणाली, "गोरखच्या वडिलांचा."

मी स्कूटर काढली. धारूरचा घाट मी तोवर कधी स्कूटरवर उतरलो नव्हतो, आणि ज्या स्कूटरवर उतरलो तीही उतरली नव्हती. वाटेत दोनदा वाटलं की आता आपलाच सप्ताह पूर्ण होतो. पोहोचलो तेव्हा चौघं देवळामागच्या खोलीत लॅपटॉपभोवती बसले होते, आणि गोरखचा चेहरा बघवत नव्हता. चूक अश्विनीने तोवर दुरुस्त करून घेतली होती, पण दुसऱ्या लॅपटॉपवर. आता प्रश्न होता तो बदलण्याचा. गोरखचं म्हणणं, चालू आहे ते बंद करू, नवं टाकू, चालू करू. अश्विनीचं म्हणणं, आन न्हाई झालं चालू तर? पुढचा फोन दीडेक तासात लागायचा होता. ते दोघं भांडत होते, बाकीचे दोघं माझ्याकडे बघत होते, आणि मी, ज्याने 'सॉफ्टवेअर बदलण्याच्या पद्धती' हा धडा वर्षानुवर्षं शिकवला, मी त्या धड्याचं पान आठवत होतो. पानाचा रंग आठवला. मजकूर नाही.

तेवढ्यात समोर देवळात वीणा बदलली. खिडकीतून दिसत होतं. नवा माणूस आला, वीणेकऱ्याच्या पाया पडला, वीणेकरी वाकून त्याच्या पाया पडला. नव्याने वीणेला हात लावला. जुन्याने सोडली नाही. दोघांच्या हातात एकच वीणा. नव्याने गळ्यात दोरी घेतली, तार छेडली, नामात सूर मिसळला, आणि तेव्हा कुठे जुन्याने हात काढला.

मी म्हणालो, "पोरांनो, तिकडं बघा. तसं करायचं."

कुणालाही जास्त सांगावं लागलं नाही. नवा लॅपटॉप जुन्याशेजारी ठेवला. पुढचा फोन जुन्यानेच लावला. नव्याने फक्त स्क्रीनवर दाखवलं की मी असतो तर कुणाला लावला असता. नाव जुळलं. मग त्याच्या पुढचा फोन नव्याने लावला, आणि जुना नुसता तयार उभा राहिला, काही चुकलं तर धरायला. माणसाचा मिस कॉल आला. माणूस आला. मग गोरखने जुना लॅपटॉप मिटला, आणि मिटताना मी पाहिलं, त्याने त्याला शिवलेला हात कपाळाला लावला.

आप्पांना सांगायचं काम गोरखचंच होतं. तो गेला, उभा राहिला, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आप्पा ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, मशीन शहरातली हाय, तिला काय ठावं. तिला सांगा, रात आमची हाय. काकडा झाल्याबिगर वार बदलायचा न्हाई." मी म्हणालो, सांगितलंय. आप्पा म्हणाले, "मंग जेवून जावा."

मी उजेडात घाट चढून घरी आलो. खरं सांगायचं तर पाठ टेकली पण डोळा लागला नाही. पहाटे फोन वाजला. गोरख होता. त्याने एवढंच सांगितलं की आबा वेळेच्या आधीच येऊन बसले होते, सगळे पहारे झाले, आणि दादा, म्हणजे त्याचे वडील, बारा वाजता घरी जाऊन झोपले. "झोपलेत, सर," तो पुन्हा म्हणाला. मागे काकड्याचा आवाज येत होता. मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता तुम्हीही झोपा.

रविवारी मी बायको आणि आईला घेऊन महाप्रसादाला गेलो. पंगतीत बसलो होतो, पानात बुंदी पडली होती, आणि खिशात फोन वाजला. उचलला. गोरखचा आवाज: रामकृष्णहरी, तुमचा पहारा जवळ आलाय. मी आधी त्याला म्हणालो, अरे, मी इथंच आहे. मग लक्षात आलं की तो गोरख नव्हे, ते सॉफ्टवेअर. अश्विनी धावत आली. चाचणी करताना तिने माझं नाव आणि नंबर टाकून पाहिला होता आणि तो काढायचा राहिला होता. 'चाचणीचा मजकूर चालू यंत्रणेत राहता कामा नये' हे वाक्य मी तिच्याच वर्गात फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. ती म्हणाली, काढते, राखीवला लावते. पण आप्पा तिथेच वाढत होते. म्हणाले, "काढू नगं. नाव निघालंय न्हवं? मंग देवानंच बोलावलंय. हात धुवा, सर."

तर मी उभा राहिलो. वीणा इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. पहिला अर्धा तास मी भक्तीने उभा होतो, दुसरा प्रतिष्ठेने, आणि नंतर केवळ यासाठी की समोर बायको आणि आई बसल्या होत्या. आई शेजारणीला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. खांदा बधिर झाला. तेव्हा मला आदल्या वर्षीचा गोरखचा बाप कळला; ऐकून कळला नव्हता तो.

वेळ भरली आणि गर्दीतून पुढचा पहारेकरी पुढे आला. पांढरी टोपी, गळ्यात माळ. आमचे प्राचार्य. त्यांनी आप्पांकडे जाऊन स्वतः पहारा मागून घेतला होता आणि मला एका शब्दाने बोलले नव्हते. ते माझ्या पाया पडले. मी घाबरून त्यांच्या पाया पडलो, तोल जाता जाता वाचला. त्यांनी वीणेला हात लावला. मी सोडली नाही. त्यांनी दोरी गळ्यात घेतली, तार छेडली, हळूच मान हलवली. मग मी सोडली.

हनुमान जयंतीला काल्याचं कीर्तन झालं आणि सप्ताह उतरला. शेवटच्या रात्री, जिथे एकही नाव उरलं नव्हतं, तिथे सगळे पहारेकरी फोन आल्यावर एकेक करून आले. भोंग्यावरून आप्पांनी देणगीदारांआधी चार पोरांची नावं घेतली. आमच्याकडे देणगीदारांआधी कुणाचं नाव घेतलं जात नाही.

राहिली परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक संभाजीनगरचे होते, तरुण, चष्मा कपाळावर चढवलेला. सकाळपासून ग्रंथालयं बघून त्यांचा चेहरा विटला होता. चौघं आत गेले. मी आणि प्राचार्य बाजूला बसलो. परीक्षकांनी थोडं चाळलं आणि बोट ठेवलं. म्हणाले, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख पहाटे बदलते. ही तर अगदी प्राथमिक चूक आहे.

प्राचार्यांनी मणी पकडला.

अश्विनी म्हणाली, "चूक नाही, सर. आधी होती, रात्री बाराला बदलायची तेव्हा. ही गरज आहे." आणि तिने सांगितलं, आबा, बेस्तरवार, काकडा, ट्रॉलीतली माणसं, लॅब पाचला बंद होते ते, आपण रात्र तपासलीच नव्हती ते. परीक्षकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

मग त्यांनी विचारलं की सप्ताह चालू असताना तुम्ही ते बदललं कसं? बंद केलं होतं का? हा प्रश्न त्यांनी गोरखकडे बघून विचारला. मी डोळे मिटले. गोरख आणि तोंडी परीक्षा. मला पंखा दिसायला लागला.

डोळे उघडले. गोरखने टेबलावरची पाण्याची बाटली उचलली होती आणि ती परीक्षकांपुढे धरली होती. "सर, धरा."

त्यांनी धरली. गोरखने सोडली नाही. परीक्षकांनी जरा ओढली. त्याने तरीही सोडली नाही.

"आता दोघांच्याबी हातात हाय," गोरख म्हणाला. "तुमचा हात बसला का नीट?"

"बसला."

"पक्का?"

"पक्का."

"मग आता मी सोडतो."

त्याने हात काढला. परीक्षक बाटली तशीच धरून बसले. बराच वेळ त्यांना ती खाली ठेवावीशी वाटली नसावी. पुढचे प्रश्न त्यांनी बाटली हातात घेऊनच विचारले.

चौघं पास झाले. नुसते पास नाहीत. पण मार्क सांगितले तर तुम्ही म्हणाल मास्तर बढाई मारतोय, आणि तुमचं बरोबर असेल. प्राचार्यांनी दुसऱ्याच दिवशी नोटीस लावली की यापुढे प्रत्येक गटाने आपल्या भागातलं गिऱ्हाईक शोधावं. ग्रंथालय व्यवस्थापनाला आमच्या कॉलेजात आता बंदी आहे. खऱ्या ग्रंथपालबाईंनी मागितलं तरच अपवाद. अश्विनी आज एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासते आणि तिथल्या साहेबांना विचारते, आन तसं न्हाई झालं तर? गोरख जवळच्याच गावात स्वतःचं सॉफ्टवेअरचं काम करतो. टर उडवणारा तो पोरगा त्याच्याकडेच कामाला आहे. सप्ताहाचे फोन अजून लागतात. आता आसपासच्या गावांतही लागतात, आणि सगळीकडे वार काकड्यालाच बदलतो.

परवा मी घरी आलो तेव्हा ओट्यावर गल्लीतला एक जण पिशवी घेऊन उभा होता. आत प्रिंटर. आई दारात पाय पसरून बसली होती आणि त्याला आत येऊ देत नव्हती.

"न्हे वापस," ती सांगत होती. "प्रिंटरबिंटर न्हाई दुरुस्त करीत माझा दत्ता. त्यो वीणा टेकू देत न्हाई."